येळवसचा डबा

दिवाळी झाली आन् आमच्या सुनेनं मला मास्तर केलं. पगार न्हाई, सुट्टी न्हाई, आन् शाळेत पोरगी एकच, माझी नात पंकजा. शिकवायचं काय, तर संसार. आता संसार म्हणल्यावर मला काय अवघड हाय? म्हातारी हुती तवर म्हातारीनं केला, ती गेल्यावर सुनेनं केला, पण घर तर माझंच ना. जवळून बघितलेला माणूस हाय मी.

झालं असं, की माझा पोरगा भागवत आन् सून रेणुका दरसाल दिवाळीनंतर ऊस तोडायला खाली सांगलीकडं जातात. पंकजा बी जायची. अर्धं वरीस गावच्या शाळेत, अर्धं वरीस उसाच्या फडावर, पाचटाच्या कोपीत भाकरी थापीत. औंदा मातर ती बारावीला. पालमच्या कालेजात जाती, एसटीनं. तिनं आईला सांगून टाकलं, मी येत न्हाई, मी आबाजवळ ऱ्हाते, परीक्षा देते. रेणुकानं लय इचार केला. मंग जायच्या दिवशी, ट्रकात भांडीकुंडी चढवता चढवता तिनं अट घातली.

"ऱ्हा. पण उधारीचं घर चालवायचं न्हाई. सितारामच्या दुकानात उधारी झाली, मंग ती काडीपेटीची का असंना, त्या दिवशी मुकादमाची जीप येईल आन् तू तिच्यात बसून फडावर येशील. परीक्षा पुढल्या साली."

पोरगी म्हणली, "बरं."

"संक्रांतीपर्यंत बघते मी. तवर निभलं तर पुढं बी निभंल."

सिताराम म्हंजी आमच्या गावातला किराणावाला. रेणुकाच्या माहेरचा, नात्यानं भाऊ. त्याच्या दुकानात उदबत्ती इकली तरी तिकडं फडावर वास जातो. मंग रेणुका माझ्याकडं वळली. "मामा, घर कसं चालवायचं ते पोरीला शिकवा." म्हणली मला, पण बघत हुती पंकजाकडं. तवा माझ्या ध्यानात आलं न्हाई.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर पोरीनं माळ्यावरचे सगळे रिकामे डबे खाली काढलेले. चहाचे, तुपाचे, म्हातारीचा मिसरीचा. घासून-पुसून ओळीनं मांडले आन् प्रत्येकावर चिठ्ठी डकवली. तेलमीठ. लाईट बिल. दवाखाना. येळवस. वह्या. आईनं ठेवलेल्या पैशाचे तिनं वाटे घातले. एका डब्यावर चिठ्ठीच न्हाई.

"हे कशाचं?" मी इचारलं.

"ते ऱ्हाऊ द्या. हे बघा, हे तुमचं."

माझ्या डब्यावर 'आबा' लिहिलेलं. मिसरीचाच डबा, सगळ्यात बारका. उघडून बघितलं. "पोरी, ह्याच्यात काय व्हतंय? ह्याच्यात तर व्यंकटीच्या हाटेलात मी एकटाच चहा पिईन."

"मंग एकटेच प्या की."

ऐका आता. ही आजकालची लेकरं. हा आश्रुबा कधी एकटा चहा प्यालाय का? आपण बाकड्यावर बसलो, चहा सांगितला, तर शेजारच्याला द्यावा लागतो. शेजारच्याला दिला तर समोरच्यानं काय तोंड बघावं? माणसानं 'सगळ्याला दे' म्हणावं आन् मिशीवर हात फिरवावा. हे तिला शिकवायला लय दिवस लागणार हे मी तवाच ओळखलं.

पहिला धडा बाजाराचा दिला. पालमच्या आठवडी बाजारात मी तिला सकाळीच नेलं, ताजा माल निवडायला. म्हणलं, बघ, हे वांगं घ्यावं, ही कोथिंबीर घ्यावी, भाव करू ने, भाव करणं आपल्यात शोभत न्हाई. तिनं सगळं ऐकून घेतलं. मंग मला लिंबाखाली बसवलं आन् पुस्तक काढून वाचीत बसली. मी बेजार. उठतोय, बसतोय, तंबाखू मळतोय. दिवस कलला तवा तिनं पुस्तक मिटलं.

"चला आबा. आता भाजीवाल्याला बी घरी जायचंय."

तीच वांगी, तीच कोथिंबीर, आन् पिशवी भरली तरी पैसे उरले. उरलेले तिनं घरी येऊन त्या बिनचिठ्ठीच्या डब्यात टाकले. मी म्हणलं, शिकली बरं का पोरगी. बाजारात तिला नेलं कुणी? मीच की.

असे दिवस बरे चालले हुते. सकाळी अंधारात उठून बल्बखाली पाठ करायची, मला भाकरी करून ठेवायची, एसटी गाठायची. चहापत्ती उकळून गाळली की वाळवून आणखी एकदा उकळायची. तो चहा नुसता तांबडा दिसायचा, चव न्हाई. मी कुरकुर केली तर म्हणायची, "आबा, आपल्याला संक्रांतीपर्यंत जायचंय." माझ्या बारक्या डब्यात दर आठवड्याला पैसे पडायचे, आन् दर आठवड्याला ते मला कायतरी कमीच वाटायचे. पण माझे डोळे जुने, म्हणलं चुकत असंन आपलंच.

आन् मंग येळवस जवळ आली.

येळवस म्हंजी आमच्याकडं दिवाळीपरीस मोठी. अवसेच्या दिवशी सगळं गाव कुलूप लावून शेतात जातं. कडब्याची खोप करायची, दगडाचे पाच पांडव मांडायचे, पूजा करायची. मंग भज्जी, बाजरीचे उंडे, खीर, आंबील. भज्जीत शेतात जे असंल ते सगळं पडतं, वाल, तूर, हरभरा, पालेभाजी, वरून बेसन. आन् ज्याच्या शेतात माणसं जास्ती जेवली त्याचा वरीसभर रुबाब. वाटेनं जाणाऱ्याला हात धरून बसवत्यात. माझ्या दोन एकराच्या तुकड्यात कधीच कुणी उपाशी गेलं न्हाई.

तर मी हाटेलात बसलेलो. व्यंकटी चहा गाळता गाळता म्हणला, "आश्रुबा, औंदा तुझी येळवस न्हाईच म्हण की. पोरगा-सून उसात, घरात शाळकरी पोरगी."

वाईट म्हणला न्हाई तो, मला कळतंय. पण बाकड्यावरचे दोघं हसले. आन् माझं डोकं हे असं. एकदा तापलं की जिभेला लगाम न्हाई.

"माझी येळवस न्हाई? बाकड्यावर बसलेले सगळे ऐका, आन् उभे असलेले बी ऐका. सगळे माझ्या शेतात जेवायला यायचं. बायकापोरांसकट. व्यंकटी, सगळ्याला चहा दे."

आता हे जे चहा झाले, त्याला माझा डबा पुरणार कसा? माझा तर दोन दिवसांमागंच खलास झालेला. घरी आलो, पंकजा कालेजात. ओळीत येळवसचा डबा दिसला. म्हणलं, चहा कशापायी झाला, येळवसच्या आवतनापायी. मंग पैसे कोणत्या डब्यातले? हिशोबानं बराबरच हाय. दुसऱ्या दिवशी आणखी माणसं आली, म्हणली, आबा आमाला सांगितलं न्हाई व्हय? त्यांना बी सांगितलं. चहासकट. तिसऱ्या दिवशी बी तेच.

अवसेच्या आदल्या दिवशी पोरीनं डबा काढला. हलवून बघितला. आवाजच न्हाई.

मला वाटलं आता ओरडंल, रडंल. ती खाली बसली नुसती. "आबा, किती जणांना सांगितलं?"

"हाटेलात जेवढे हुते तेवढ्यांना."

"हाटेलात किती हुते?"

"सोमवारी का मंगळवारी?"

तिनं कपाळाला हात लावला. मंग दप्तर उचललं आन् ओट्यावर जाऊन पुस्तक उघडून बसली. वाचीत न्हवती. पान पलटत न्हवतं. मला ते बघवंना. मी टोपी घातली आन् म्हणलं, जरा जाऊन येतो.

गेलो थेट सितारामकडं. "चांगलं बेसन दे, मोठी पिशवी भरून. तेल दे, गूळ दे, तीळ दे. लिहून ठेव, संक्रांतीनंतर देतो."

सितारामनं बेसन तागडीत घातलं. मंग पेन उचलला आन् तसाच धरून ऱ्हायला. "आबा, मी लिहितो. माझं काय जातंय? पण ताईनं मला शपथ घातलीय. आज फोन करावा लागंल. आन् मुकादमाची जीप परवा गावाकडून जायचीच हाय, राहिलेली माणसं घेऊन."

मी तागडीतल्या बेसनाकडं बघत उभा ऱ्हायलो. खरं सांगतो, पहिल्यांदा मनात आलं ते माझं नाक. गाव जेवायला येणार आन् माझ्या खोपीत भज्जी न्हाई, ह्या वयात ही बेइज्जती. लिही म्हणावं, बघू पुढचं पुढं. आन् मंग मला ती सकाळी दिसती तशी दिसली, बल्बखाली, माझा मफलर गुंडाळून, ओठ हालवीत. जीपमध्ये बसली तर एक शब्द बोलणार न्हाई ती मला. हे मला पक्कं ठावूक हुतं. बोलली असती तर बरं, पण बोलणार न्हाई.

"काढून घे बेसन," मी म्हणलं.

"काहून?"

"किडलंय."

"आबा, आजच पोतं फोडलंय."

"मंग माझे डोळे किडलेत. घे काढून."

घरी आलो आन् पोरीला सांगितलं, "हे बघ, उद्या मला ताप येणार हाय. तू सगळ्याला सांग, आबा अंथरुणाला खिळलेत, औंदा आमची येळवस न्हाई."

ती म्हणली, "तापाला दवाखान्याचा डबा काढावा लागंल. त्याला हात लावायचा न्हाई." आन् हसली. त्या दिवसात पहिल्यांदा हसली. मंग माझ्याजवळ सरकून बसली.

"आबा, तुमी ज्यांना सांगितलं त्यांना शेत हाय का?"

"हाय की. बिगरशेताचं कोण हाय आपल्यात? थोडं का व्हईना, हाय."

"मंग ते त्यांच्या शेतात जेवणार न्हाईत?"

"आधी तिथंच जेवतील. देव हाय त्यांचा. मंग भावकीत जातील, मंग शेजाऱ्याच्यात."

"आन् सगळ्यात शेवटी जिथं जातील, तिथं किती खातील?"

मी तिच्याकडं बघितलं. ती माझ्याकडं बघत हुती. आबा, बाजारात दिवस कलला की भाव उतरतो, म्हणली. येळवसला दिवस कलला की भूक उतरती.

त्याच सांजंला मला बरुबर घेऊन ती दारोदार फिरली. पहिलं दार शेजारच्या धुरपदाबाईचं. पंकजा म्हणली, "आजी, आबानं सांगितलंय, आमच्याकडं दिवस मावळताना या. आंबील प्यायला, पेटता हेंडगा बघायला. आधी तुमचं सगळं निवांत आवरून घ्या, आमच्यापायी घाई करू नका." धुरपदाबाई खूश. मंग पोरीनं हळूच जोडून दिलं, "आन् सकाळी आबा तुमच्या शेतात येतील, पहिला घास घ्यायला."

मी तिच्याकडं डोळे वटारले. ती पुढल्या दारी. तिथं बी तेच. आबा येतील. त्याच्या पुढल्या दारी बी आबा येतील.

"अगं, मी एकटा किती ठिकाणी जेवू?"

"जेवढ्यांना बोलावलंय तेवढ्या ठिकाणी. आपल्यात शोभत न्हाई ना तसं, नुसतं बोलवायचं आन् जायचं न्हाई."

माझाच शब्द माझ्या गळ्यात. माघारी येताना धुरपदाबाईनं म्हशीच्या ताकाची घागर दिली. ताकाला आमच्या गावात कुणी पैसे घेत न्हाई. ज्वारीचं पीठ घरचं, लसूण घरचा. आंबिलीचं मोठं मडकं भरलं आन् एका बी डब्याला हात लागला न्हाई.

येळवसच्या दिवशी आमी सकाळी पूजा केली. पोरीनं शेतातल्याच शेंगा, पाला तोडून पातेलंभर भज्जी केली, घरात हुतं तेवढं बेसन लावून. दोन घास खाल्ले असतील, तर म्हणती कशी, "उठा आबा. वाट बघायलेत लोकं."

काय सांगू तुमाला त्या दिवसाचं. पहिल्या शेतात मी मजेनं जेवलो. दुसऱ्यात बी जेवलो. तिसऱ्यात खीर वाढली, चवथ्यात खिरीवर खीर. आमच्याकडं येळवसला न्हाई म्हणायची सोय न्हाई, वाढणारी बाई पातेलं घेऊन उभीच ऱ्हाती. धुरपदाबाईच्या शेतात मी हात जोडले, तर म्हणली, "भावजी, माझा उंडा गोड लागला न्हाई का?" खाल्ला उंडा. व्यंकटीच्या शेतात गेलो तवा माझ्यानं खाली बसवंना. बसलो तर उठवंना. तिथंच बाभळीच्या सावलीला आडवा झालो. व्यंकटी म्हणला, "आश्रुबा, चहा करू का?" मी त्याला शिवी दिली.

दिवस मावळायला लागला आन् आमच्या बांधावर माणसं दिसायला लागली. एक दोन न्हाई, सोमवारचे, मंगळवारचे, बुधवारचे, सगळे. बायकापोरांसकट. माझा जीव खालीवर व्हायला लागला. पातेलंभर भज्जी, आन् हे गाव. पण जरा जवळ आले तवा मी त्यांची चाल बघितली. कुणाच्या बी पावलात जोर न्हाई. एकजण तर बांधावरच बसला श्वास घ्यायला.

पंकजा पळी घेऊन सगळ्यांपुढं गेली. मनापासून आग्रह करायची. "काका, भज्जी वाढू? मावशी, उंडा घ्या की." जो तो ताटावर दोन्ही हात आडवे धरायचा. "नगं माय, जीव जाईल. आंबील दे घोटभर." व्यंकटीनं आंबीलच दोनदा मागून घेतली, ढेकर दिला आन् म्हणला, "आंबील असावी तर आश्रुबाच्या घरची." सगळ्यांनी माना डोलावल्या. इतकी माणसं माझ्या शेतात कधीच आली न्हवती. मी मिशीवर हात फिरवला. तेवढंच जमण्यासारखं हुतं, बाकी अंग हालत न्हवतं.

हेंडगा पेटवून शेताभोवती पळवायचं काम दरसाल भागवतचं. औंदा पोरीनं ओढणी कमरंला खोचली, गवताची पेटलेली पेंढी उचलली आन् बांधाबांधानं पळाली. अंधार पडायला लागलेला, तिची ती आग तेवढी दिसायची. मला लय बरं वाटलं, आन् भागवतची आठवण बी झाली.

तेवढ्यात फोन वाजला. रेणुका, फडावरून, चेहऱ्यासकट. मागं कोपीचं दार दिसायलं. "मामा, येळवस झाली का? आन् उधारी?"

मी सितारामकडं बघितलं, तो बी जेवायला आलेला. सितारामनं हात लांब करून फोन घेतला. "न्हाई गं ताई. आबा आले हुते दुकानात, पण त्यांना माझं बेसन पसंत पडलं न्हाई."

रेणुका म्हणली, "मामा, चांगलं शिकवलं तुमी पोरीला."

"मंग," मी म्हणलं. "शिकवावं लागतंय."

पंकजाला मागं ठसका लागला.

दुसऱ्या दिवशी पहाटंच चुलीजवळ खडखड ऐकू आली. बघतो तर पोरगी तिळाच्या पोळ्या लाटायलीय. बाजूला उंडे, शेंगदाण्याची चटणी. बिनचिठ्ठीचा डबा उघडा पडलेला, रिकामा.

"हे कुठलं आणलं?"

"बाजारातून उरायचं ते. आन् आबा, रागवू नका, तुमच्या डब्यातला बी एक चहा दर आठवड्याला काढून घेत हुते."

"मला वाटलंच हुतं," मी म्हणलं. "डोळे चांगले हायेत माझे. आन् हे कुणासाठी?"

"आईबापूला तिकडं येळवस कुठंय?" असं म्हणली आन् परत लाटायला लागली.

मी उठून पोळ्या फडक्यात बांधू लागलो. तिनं सगळं एका डब्यात दाबून भरलं. त्याच्यावर चिठ्ठी हुती. येळवस. मी रिकामा केलेला तोच.

तिची त्या दिवशी कालेजात चाचणी हुती, ती एसटीनं गेली. मी डबा घेऊन फाट्यावर उभा ऱ्हायलो. जीप आली. बालाजी मुकादमानं मान बाहेर काढली. "आबा, नात कुठंय? तुमच्या सुनेनं तिची जागा धरून ठेवायला सांगितलेली, लागली तर."

"लागली न्हाई. तिच्या जागेवर हे ठेव." मी डबा सीटवर ठेवला, बाजूच्या माणसाला धरायला लावला. "सांडला तर बघ मुकादम." जीप गेली, तरी मी बराच वेळ तिथंच उभा हुतो. परत येताना हाटेल लागलं. व्यंकटीनं इचारलं, सगळ्याला का? मी म्हणलं, एकच दे, आन् बाकीच्यांकडं पाठ करून प्यालो. चव लागली न्हाई, पण प्यालो.

आमच्याकडं कुणाचं भांडं रिकामं परत करत न्हाईत. संक्रांतीला आठ-दहा दिवस असताना तीच जीप परत गावाकडं आली आन् डबा दारात आला. पंकजानं झाकण काढलं. गुऱ्हाळाचा गूळ, काठोकाठ. संक्रांतीचा गूळ आता इकत घ्यायला नगं, असं मी म्हणणार तेवढ्यात तिनं बोटानं गूळ उकरला. आत प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेले पेन. निळे दोन आन् काळा एक.

संक्रांत अजून यायची हुती. रेणुका संक्रांतीपर्यंत बघणार हुती.

पोरीनं पेन बाहेर काढले. कागद फाटलेला, एकाला गूळ चिकटलेला. ती ते पुसायचं सोडून तशीच हातात धरून बसली आन् डोळ्यांतून पाणी काढायला लागली. मी म्हणलं, "आता गं, चांगली चिकट झालेली परीक्षा देशील का काय?" ती रडता रडता हसली, पेनाला लागलेला गूळ चाटला आन् गुळाचा एक खडा मोडून माझ्या हातावर ठेवला.

मी खडा बघितला. बारकाच हुता.

"हे आबाच्या डब्यातलं का?"

"न्हाई," ती म्हणली. "हे मास्तरचं."